पंच्याहत्तर काडतुसं

वॉटफर्ड, ४ ऑक्टोबर २०२५

चि. ऋजुतास, अ. उ. आ.

काल तू ग्लासगोला गेलीस आणि घर उगाच मोठं झालं. शेजारची नीना लिहायला बसलीय. मी बोलेन तेच लिही, पदरची भर नको, असं तिला बजावलंय.

आठवडाभर लोकांची हाडं जोडायची आणि रविवारी हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या बंदुकीने फोडायच्या, हे तुझंच डोकं! मैत्रिणींना मी सांगते, नात टेनिस खेळते. त्या बारीक नळीच्या बंदुकीचे लाड तरी किती! दसऱ्याला गॅरेजमध्ये त्या यंत्रापुढे बसून पंच्याहत्तर काडतुसं भरलीस: बंदुकीची दारू, बूच, छर्रे, मग तोंड बंद.

एक विचारते, सहजच. यंत्रावरच्या दारूच्या बाटलीत काही बारीकसं पडलं, समज कचरा, तर काय होतं? कुणी पाडलंय असं नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी आजी

ग्लासगो, ६ ऑक्टोबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

टेनिस? अगं, मला रॅकेटसुद्धा धरता येत नाही!

तुझ्या ‘सहज’चं उत्तर. दारू बाटलीतून एका छोट्या भोकातून पडते. तिथं काही अडकलं तर पुढच्या काडतुसांत ती कमी भरते. मग बार नुसता फुसकतो आणि बूच नळीतच अडकतं. ते न कळता पुढचा बार काढला, तर नळी फुटते, नेमकी डाव्या हाताजवळ. रविवारी क्लबची मॅच आहे, तीच काडतुसं नेणार. पण तू हे का विचारतेस?

तुझी ऋजुता

वॉटफर्ड, ८ ऑक्टोबर

चि. ऋजुतास, अ. उ. आ.

‘डावा हात’ मी नीनाला दोनदा वाचायला लावला. लगेच फोन केले, तीन. तू ऑपरेशनमध्ये. शेवटी मेसेज टाकला की काडतुसांच्या डब्याला हात लावू नकोस. तुझं ‘बरं’ येईपर्यंत फोन खाली ठेवला नाही. कारण फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस आणि मी रडले असते, म्हणून हे पत्र.

दसऱ्याला तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी गॅरेजमध्ये शिरले. हत्याराची पूजा नको? यंत्राला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बाटलीचं झाकण उघडं होतं. दाणे आत गेले. बोटाने निघाले तेवढे काढले, किती राहिले देव जाणे. कुंकू पाहून तू हसलीस, तेव्हा अक्षतांचं बोलायचा धीर झाला नाही. पोरीला सांभाळ म्हणून हात जोडले, आणि घात मीच केला.

राग धर हवा तेवढा. फक्त दहाही बोटं शाबूत ठेवून धर.

तुझी आजी

ग्लासगो, १२ ऑक्टोबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

मॅचला गेले नाही. सकाळपासून पंच्याहत्तरही काडतुसं कापली, प्रत्येकातली दारू काट्यावर तोलली. तांदूळ कुठेच नाही. दारूही बरोबर. एक सोडून.

त्यात दारूच नव्हती. चिमूटभरसुद्धा नाही. ते उडवलं असतं तर बूच नळीतच अडकलं असतं.

हे अक्षतांनी केलेलं नाही, आजी. दाणा अडकला असता तर पुढचीही कमी भरली असती. तुझे दाणे अजून बाटलीतच असतील, हात लावू नकोस. भरताना माझा फोन स्पीकरवर होता. क्लबमधल्या समरशी बोलत होते (त्याच्याबद्दल भेटल्यावर सांगेन), आणि त्या नादात एकदा दारू पाडणारा दांडा ओढायचा राहिला. चूक माझी. तू कबूल केलं नसतंस तर मी एकही काडतूस उघडून पाहिलं नसतं.

मी तुला गॅरेजमध्ये येऊ देत नाही, ते चुकलं. दिवाळीला आले की शेजारी बसशील? तोंड बंद करण्याआधी प्रत्येकात डोकावायचं, बस.

तुझी ऋजुता

वॉटफर्ड, १४ ऑक्टोबर

चि. ऋजुतास, अ. उ. आ.

नीनाने ‘एक सोडून’ वाचलं मात्र, मी उठून गॅरेजला कडी घालून आले. यंत्र पळून जाणार होतं जणू!

बसेन शेजारी. माझ्या अटी ऐक. पाठ असलेली खुर्ची हवी. फोन माझ्या पदराखाली राहील. त्या समरला जे बोलायचंय ते त्याने घरी येऊन, माझ्यादेखत बोलावं. आणि मी आत बघून मान हलवेपर्यंत एकाही काडतुसाचं तोंड बंद करायचं नाही. मी मुद्दाम वेळ लावीन. चिडलीस तरी लावीन.

तुझी आजी