दहा दिवस, रविवार सोडून

९ सप्टेंबर ४७, मंगळ.
सकाळी भाकऱ्या अर्ध्या टाकून दोन तास अमेरिका, म्हणजे तिकडच्या घटनेचं पुस्तक मोठ्यानं वाचणं. मोतीबिंदू मामंजींच्या डोळ्यांत आणि घसा सुकायचा माझा. माहेरी सांगलीला इंग्रजी सहावीपर्यंत शिकले, हा माझा गुन्हा. सासऱ्यांनी कराडात तीस वर्षं वकिली केली. आता दिल्लीत घटना लिहितायत म्हटल्यावर ती कशी लिहावी हे म्हातारा इथं गावात बसून त्यांना कळवणार! कायदा करील तो एक, अंमल करील तो दुसरा, न्याय देईल तो तिसरा. तिघांनी एकमेकांना धरून ठेवायचं, म्हणजे कुणीच माजत नाही. हे ऐकताना मान डोलावतात. आणि त्याच तोंडानं कामाच्या भागाबाईला शिव्या, चहा गार का आणलास म्हणून.

साताऱ्याहून पत्र आलं. मास्तरणींच्या ट्रेनिंगला माझं नाव घेतलंय! दोन वर्षं, राहायची सोय. दिवाळीनंतर सुरू. घरच्या कर्त्या माणसाची सही दसऱ्याच्या आत पोचली पाहिजे. अजून कुणाला बोलले नाही.

११ सप्टें.
बोलले.
मामंजी: "घरची सून परगावी नोकरी करनार? न्हाई म्हंजे न्हाई. पुढचं कलम वाच."
वाचलं. काय करते! तीन वर्षं झाली ह्यांना इटलीच्या लढाईत जाऊन. गेले असंच लिहिते, दुसरा शब्द लिहायला हात वळत नाही. तीन वर्षं मी ह्या घरात खाते आणि वाचते. जळ्ळं मेलं जिणं.

१४ सप्टें., रवि.
दादा आणि अण्णा, माझे दोघे दीर, उसाच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर गेले. अण्णांनी खोरं उचललेलं. मामंजींनी सगळ्यांना सोप्यात बसवलं आणि जाहीर केलं, ह्यापुढं घरात अमेरिकेची पद्धत! एका छपराखाली तीन चुली, म्हणजे तीन राज्यं. दादांचं, अण्णांचं, आणि मेलेल्या मुलाचं, म्हणजे माझं.

खालच्या सभेत डोक्यांप्रमाणे माणसं, वय पंचवीसच्या वर: दादांचे दोन मुलगे, अण्णांचा एक आणि मी. वरच्या सभेत मात्र राज्य लहान असो मोठं असो, प्रत्येकी दोन. अध्यक्ष स्वतः, हे सांगायला नकोच. सुप्रीम कोर्ट सवडीनं नेमणार. उपाध्यक्ष आत्याबाई, माझ्या सासूबाई.

"मला काय काम?" आत्याबाई.
"वरच्या सभंत म्होरं बसायचं. मत न्हाई. दोनीकडं सारखी मतं पडली तरच."
"म्हंजे आत्तापत्तूर हुतं तसंच," म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

१६ सप्टें.
वरच्या सभेत माझ्या राज्याचे दोघे कोण? मी उभी राहिले. मामंजी हसले. "तीस वरसं पुरी पायजेत. तू सव्वीस." थोरल्या जाऊबाई, म्हणजे दादांची बायको, पदर तोंडाला लावून खिदळल्या. मेली! वाचून दाखवणारी मी आणि कलम लागू व्हायचं ते मलाच.

दातओठ खात पुस्तक घेऊन बसले. त्याच कलमात पुढं: माणूस नऊ वर्षांचा नागरिक पाहिजे आणि त्या राज्याचा रहिवासी पाहिजे. बास. कुणाची बायको, कुणाच्या जातीची, काही नाही. माझ्या खोलीत निजतात आक्का, मामंजींची बालविधवा बहीण, साठीच्या. माझ्या ओसरीवर निजते भागाबाई, धारा काढणारी, तिशी कधीच ओलांडलेली, ह्या घरात चौदा वर्षं. झाले की दोन.

"भागी? वरच्या सभंत?"
"नको म्हणणारं कलम सांगा."
मामंजी तोंड कडू करून, "बरोबर हाय."
भागाबाईला सांगितलं तर म्हणते, "आवं वैनी, मग धारा कुनी काढायच्या?"

२२ सप्टें., सोम.
खालची सभा. मी ठराव मांडला: मला साताऱ्याला धाडावं, कर्त्यानं पत्रावर सही करावी. अण्णांचा मुलगा विरुद्ध. दादांचे दोघे बाजूनं! पुळका नव्हे. थोरल्याचं लग्न ठरतंय, त्याला माझी खोली पाहिजे. असू दे. हात वर केला ना? तीन विरुद्ध एक.

२७ सप्टें., शनि.
वरची सभा. दादा नाही. अण्णा नाही. धाकट्या जाऊबाई, अण्णांची बायको, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून नाही. थोरल्या म्हणाल्या, "जाऊ द्या की एकदाची. ब्याद टळंल." म्हणजे होय! दादांनी डोळे वटारले तर त्यांनाच, "ज्याचं त्याचं मत हाय न्हवं?" आक्का होय. भागाबाईनं दोन्ही हात वर केले, एक खाली घ्यायला लावला.

तीन-तीन. सगळे आत्याबाईंकडे वळले. पन्नास वर्षांच्या संसारात ह्या बाईनं चारचौघांत नवऱ्यासमोर भाजी कुठली करू एवढंच विचारलेलं.
"व्हय," म्हणाल्या.
मामंजी: "काय म्हनलीस?"
"व्हय म्हनलं. डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं तुमचं."
आणि उठून आत गेल्या. सगळ्यांसमोर रडले नाही तेवढं बरं केलं.

२९ सप्टें., सोम.
ठराव चांगल्या अक्षरात लिहून मामंजींच्या हातात दिला. सही नाही, नकार नाही. घडी घालून बंडीच्या खिशात.

अध्यक्षानं दहा दिवसांच्या आत, रविवार सोडून, कारणं लिहून ठराव परत करायचा. नाही केला तर सहीवाचून कायदा होतो. हेही मीच वाचून दाखवलंय. मधे एक रविवार. शेवटचा दिवस शुक्रवार, १०.

३ ऑक्टो., शुक्र.
मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. वाचन मात्र चालू! आज तेच कलम तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा शेवटच्या तुकड्यावर थांबवलं: मधेच सभा उठून गेली आणि दिवस संपले, तर ठराव मेला. म्हातारा कसला डांबिस आहे.

४ ऑक्टो., शनि.
झालंच. हुकूम सुटला: उद्यापासून सगळ्यांनी मळ्यावर मुक्कामाला, आठ दिवस. सभा उठली. भांडीसुद्धा बांधायला लागले.

पुस्तक नेऊन समोर आपटलं. सभा कधी उठायची ते सभा ठरवते. दोन सभांचं त्यावर पटलं नाही तरच अध्यक्षाला अधिकार. "पटलं का न्हाई ते तरी विचारा की आधी!" ओरडले मी. सासऱ्यांवर. दादा हात उगारून उठले.

"बस खाली," मामंजी दादांना. "बरोबर हाय तिचं." मग माझ्याकडे तोंड करून, "लय शेफारलीस."
शेफारले. रोज दोन तास कुणी शेफारून ठेवलं?

७ ऑक्टो., मंगळ.
ह्यांचा म्हाळ झाला. पान वाढलं. हे असते तर मत कुठं टाकलं असतं? खरं लिहायचं तर बापाच्या बाजूनं. वर्षाकाठी महिनाभर रजेवर यायचे, पण बापासमोर मान वर नाही. फौजेत जमादार, आणि घरात... जाऊ दे. पानाला नमस्कार केला. रागही आला. दोन्ही.

भागाबाई: "पितरपाटात असलं भांडान काडू ने वैनी." तिला म्हटलं, अमेरिकेत पितरपाट नसतो.

९ ऑक्टो.
एकच दिवस. मामंजी जेवले नाहीत. नका जेवू.

१० ऑक्टो., शुक्र.
दुपारी बोलावणं. "कागद, दौत घिऊन ये."

नकार पाठवायचा, कारणांसकट, लेखी. लिहायचं कुणी? मी! म्हटलं, नातवंडं आहेत की तुमची. "त्यांचं अक्षर कोर्टात उभं करून घेत न्हाईत." म्हणजे माझा गळा मीच कापायचा, तोही वळणदार अक्षरात. बसले. लिहिलं.

कारण पहिलं: विधवा सून परगावी एकटी राहिली तर घराच्या अब्रूला बट्टा. कारण दुसरं: घरात नि मळ्यात कामाला माणूस कमी.

"कारन तिसरं," म्हणाले आणि थांबले. एवढे थांबले की टाकाची शाई वाळली, मी परत बुडवला.

"ती गेल्यावर मला वाचून कोन दावनार. मला काय सुदिक दिसत न्हाई."

लिहिलं. सगळं वाचून दाखवलं.

"तिसरं खोड."
"खोडता येत नाही."

खोटं बोलले. सही व्हायच्या आधी काहीही खोडता येतं, आणि तीस वर्षांच्या वकिलाला ते ठाऊक नसेल? मामंजींनी कागदाची कड चाचपून सही केली. ओळीखाली घसरली.

बाहेर आल्यावर इतकी चिडले. आत्याबाई दोन वर्षं कानीकपाळी ओरडतायत, मिरजेला जाऊन डोळे करून घ्या. सुरीची भीती वाटते ह्यांना. म्हणून माझा जन्म ह्यांच्या उशाशी घालवायचा!

आता ठराव पुन्हा दोन्ही सभांत, आणि या वेळी तिनांत दोन भाग मतं लागतात. खाली चारांत तीन आहेत, पुरतात. वर सहांत चार लागतात. आत्याबाईंचं मत ह्यात चालत नाही, बरोबरी झाली तरी उपयोग नाही.

११ ऑक्टो., शनि.
सकाळी खालची सभा. तिघंही टिकलो. वरची जेवणं झाल्यावर. तिथं कारणं आधी मोठ्यानं वाचायची, वाचणार मीच.

आत्ता हे लिहीत होते तर मामंजी भिंत धरत धरत माझ्या दाराशी आले. ह्या दाराशी कधी येत नाहीत. मी उठले, डोक्यावर पदर घेतला. कशाला घेतला, दिसत तर नाही त्यांना.

"तिसरं वाचनार हायेस?"
"सगळं वाचावं लागतं."
"धाकटी रडंल."

रडतीलच धाकट्या जाऊबाई, त्यांना मांजर मेलं तरी रडू येतं. पण रडून हात वर होईल का खाली राहील? म्हाताऱ्याची कीव येईल का माझी? मला सांगता येत नाही. तिसरं गाळलं तर घरात कुणाला कळणार नाही, आणि मामंजी तोंड उघडणार नाहीत. पहिल्या दोन कारणांवर भांडायला मी महिनाभर तयार आहे. तिसऱ्यावर काय भांडू? नुसता द्वेष करायचा होता ह्या माणसाचा, तोही धड करू देत नाही.

जाता जाता म्हणाले, "मग सावकाश वाच. अलीकडं लय गडबडीनं वाचतीस."

आत्याबाईंनी हाक मारली. सहाही जणं बसलीत. तिन्ही कारणं वाचणार आहे. चार हात पाहिजेत, तीन आहेत.