थरथरणारं माउसपॅड

२ मार्च, सकाळी
मी बोलते, सून लिहिते. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे ही डायरी मीसुद्धा चोरून वाचू शकत नाही. इतकं पक्कं कुलूप कोणाकडे असेल?

काल कॉम्प्युटरवर माझे सगळे नेम चुकले. पंधरा तारखेला कुटुंबांची ऑनलाइन गेमिंग टूर्नामेंट, आपापल्या घरून खेळायची. टीममध्ये नात, तिचा बाप आणि मी. नात कॅप्टन. तिने बजावलंय, नेम सुधारला नाही तर माझ्या जागी माझी धाकटी जाऊ खेळेल. ती! जिला सुईत दोरा ओवून द्यावा लागतो!

दोष माझा नाही. माउसखालचं पॅड थरथरतं.

४ मार्च
अभ्यास सुरू. दुकानदार म्हणाला, कापडी पॅडवर माउस जरा अडतो, म्हणून ताबा राहतो. म्हटलं, कापडातलं मला नका शिकवू, जन्म गेला शिलाई मशीनवर. कडेला शिलाई असलेलं निवडलं. बिनशिलाईच्या कडेचे दोरे सुटतात. टाका बारीक, एकसारखा. आता जाऊबाईंनी घरी बसावं.

संध्याकाळी: टाका उत्तम. पॅड थरथरतं.

७ मार्च
कडक प्लास्टिकचं आणलं. यावर माउस सुळकन पळतो. इतका पळाला की माझी गोळी मुलालाच लागली. तो म्हणाला, आई, आपण एकाच बाजूला आहोत. म्हटलं, लहानपणचं थोडं बाकी होतं.

सून विचारते, हेही लिहू? लिही. तुझाच नवरा आहे.

९ मार्च
काचेचं. सगळ्यात गुळगुळीत. माउस थांबायलाच तयार नाही. वर मनगट गारठलं. दुपारीच परत पाठवलं. काचेला माणसाची कदर नाही.

११ मार्च
आता सापडलं! जाडजूड, बुडाला रबर, मनगटाखाली उशी, कडेने रंगीत दिवे. दिव्यांनी नेम लागतो का, विचारलं. नात म्हणाली, नाही, नुसती शोभा. तरी चालू ठेवलेत.

पॅड टेबलाला घट्ट चिकटलं. सुनेने ओढून पाहिलं, तसूभर हललं नाही. मग मी हात ठेवला. थरथरलं.

सून हळूच म्हणाली, आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं, डॉक्टरांना पॅडमधलं काय कळतं?

१४ मार्च
कॅप्टनने मला कोच केलं. बढतीच म्हणायची. कोचने काय करायचं, विचारलं. म्हणाली, आजी, तू माझ्या शेजारी बस. माझा गालही ओढला. एवढं लाडात आली की समजावं, काहीतरी काढून घेतलंय.

१५ मार्च, संध्याकाळी
जाऊ खेळली. पॅडबिड काही नाही, जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर माउस ठेवून. जिंकले मेले सगळे. टाळ्या मीही वाजवल्या.

नंतर जाऊने मला चहा आणून दिला. कप अर्धाच भरलेला. विचारलं, एवढी चिक्कू कधीपासून झालीस गं? एरवी एकाला चार ऐकवणारी, आज नुसती शेजारी येऊन बसली.

मी कपबशी उचलली. बशी खडखडायला लागली.

बशांच्या बुडाला रबर नसतं, हाच सगळा दोष. लिही, म्हटलं सुनेला. तर ही पेन हातात धरून माझ्या हाताकडे बघत बसलीय.

लिही गं. रबर.