चढावर तोंड बंद

रविवार, संध्याकाळ

सगळं बदललं ते मागच्या रविवारी, हर्सूलच्या मागच्या टेकडीवर. नळाला आठवडाभर पाणी नाय, म्हणून माझा दोस्त सदा आणि मी, दोघांत एकच बाटली. सदा मेंढरांमागं वाढलेला. म्हणाला, "चढावर तोंड बंद. बोललास की घसा सुकतो." कॉलेज सोडल्यापासून मी अश्विनीशिवाय दुसरं बोललोच नाय, अन् तिथं तासभर तिचं नाव निघालं नाय. माथ्यावर सदा हसला, "बोल की आता, मजनू!" मीपण हसलो. डोकं लई हलकं झालेलं.

आता सदा पाण्याच्या शोधात मेंढरं घेऊन नदीकडं गेलाय. आणि आज शहागंजात अश्विनीचा साखरपुडा. तिच्या दारात जाऊन तमाशा करावा? करून काय मिळणार? दुपारी सदाला फोन लावला, "परत ये ना यार."

"मेंढरं काय तू राखणार? टेकडी तिथंच हाय. जा."

एकट्यानं? तिथं गप्प राहायला सांगणारंही कुणी नाय.

आत्ताच आईनं भीत भीत विचारलं, "शहागंजला निघालास व्हय?"

"नाय. हर्सूलला."

अजून उजेड आहे. बूट घातलेत. एवढं लिहून दार ओढून घेतो.