मागच्या रांगेतली प्राची

९ जानेवारी
वर्धा. दवाखान्याचा बारावा दिवस. आयसीयूत भेटायला सकाळी अकरा ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते साडेपाच. बाकीचा दिवस हॉलमधल्या खुर्च्या. डॉक्टर म्हणाले, आजार पायांपासून चढत चढत छातीपर्यंत आला, आता आणखी चढणार नाही. उतरेल, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. प्राचीला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. हलतात फक्त पापण्या. एकोणीस वर्षांची पोर, आणि तिचा श्वास मशीन घेतंय.

आर्वीच्या एसटी डेपोत फोन करून रजा वाढवून घेतली. चौकशी खिडकीवर माझ्या जागी कोण बसलंय, विचारलं नाही.

बायकोने, सुजाताने, घरून प्राचीचा लॅपटॉप आणला. नळी घालायच्या आदल्या दिवशी प्रा. नाकातून बोलली होती, तेच शेवटचं बोलणं. "बाबा, माही माणसं सातव्या तळावर आहेत. मरू नका देऊ त्याईले." मला वाटलं तापात बरळते. ताप नव्हताच.

१० जानेवारी
उघडला. दिवाळीच्या सेलमध्ये दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या भावात घेतलेला गेम. चित्रं यथातथाच. जमिनीखाली बारा तळ, चौकोनी खोल्या, दारं, राक्षस, सापळे. चौघांना घेऊन खाली खाली उतरायचं. मेलेला परत येत नाही. मागे जाऊन डाव सुधारता येत नाही, प्रत्येक पाऊल गेम लिहून ठेवतो. या खेळावरून मी पोरीला किती बोललो होतो. "अभ्यास सोडून भुतं मारून राह्यली."

चौघांची नावं तिनेच ठेवली. ढाल-तलवारवाली 'आई'. जखमा बऱ्या करणारी 'शेंडेकाकू', म्हणजे आमच्या घराशेजारच्या किराणा दुकानवाल्या. जादू करणारी 'प्राची'. आणि चोर 'बाबा'. कुलपं उघडतो आणि मारामारी सुरू झाली की लपतो. वा.

दोघं पुढे चालतात, दोघं मागे. मार पुढच्यांना बसतो. प्रा.ने 'आई' आणि 'प्राची' पुढे ठेवल्या होत्या. जादूगाराच्या अंगात जीव किती, दोन घावांत आडवा होतो. पोरीचा वेडेपणा. सगळ्यात आधी 'प्राची'ला मागे घेतलं, 'बाबा'ला पुढे केलं.

१२ जानेवारी
शेंडेकाकूंचा फोन. केळझरच्या गणपतीला नवस बोलू का, विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, तुमची माया कळते, पण आमच्या घरात नवस नाही. माझ्या आज्याने दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. मग थांबता येईना. औषधाने बरं होतं, डॉक्टर शिकून आलेले असतात, वगैरे. विहारात देतो तेच भाषण, फोनवर. काकू शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं भाऊ. तब्येत सांभाळजा."

सु. शेजारीच बसली होती. थोड्या वेळाने फोन घेऊन बाहेर गेली.

१४ जानेवारी
गळ्याला भोक पाडून नळी बसवली. तोंड मोकळं झालं. तिचे ओठ किती दिवसांनी दिसले.

एक पापणी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सिस्टरने शिकवलं. लॅपटॉप आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी खोलीचा नकाशा वहीत काढला, दारं, सापळे, राक्षस कुठे उभा, सगळं, आणि वही तिच्या डोळ्यांसमोर धरली. डावं दार? दोनदा. उजवं? एकदा. बाहेर येऊन उजव्या दाराने गेलो. मागे पाण्याचा झरा, सगळ्यांच्या जखमा भरल्या. संध्याकाळी तिला सांगितलं. डोळ्यांत हसली. हसलीच, मला माहीत आहे.

१५ जानेवारी
शब्दांचीही युक्ती काढली. मी ओळी म्हणतो, क ची ओळ, च ची ओळ, ट ची, त ची, प ची, य ची. ती पापणी मिटते. मग त्या ओळीतली अक्षरं, मग काना, वेलांटी. बावीस वर्षं माइकवर गाड्या पुकारल्या, ओळीने म्हणायची सवय आहे. पहिला शब्द लिहिला 'पाठ'. पाठ खाजवून पाहिजे होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. बाहेर येऊन रडलो.

१७ जानेवारी
आठव्या तळावर उतरलो. संध्याकाळी प्रा.चा डावा खांदा हलला, डॉक्टरांनी पाहिला. योगायोग.

१९ जानेवारी
दुपारी नववा तळ. चार वाजता मशीन थोडा वेळ काढून पाहिलं. बारा मिनिटं स्वतःच्या श्वासावर!

~~बारावा तळ गाठला की मशीन निघेल.~~

वरची ओळ खोडली आहे. वाचता येतेच.

२१ जानेवारी
सकाळी सात वाजता हॉलमध्ये बसून खेळलो. तिला नकाशा दाखवला नव्हता. अकरापर्यंत थांबवेना. वाटलं, दोन खोल्या पुढे सरकून ठेवू, आज वीस मिनिटं तरी होतील. दार उघडलं आणि भिंतीतून भाले आले. 'शेंडेकाकू' गेल्या. नावापुढे कवटी.

आर्वीला फोन लावला. खऱ्या शेंडेकाकूंना.

"काऊन जी भाऊ, एवढ्या सकाळी? पोरगी बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं. तुम्ही कशा आहात? त्या म्हणाल्या, मले काय धाड भरली, गच्चीवर वड्या वाळत घालून राह्यली. फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली. हा मी, अंधश्रद्धेवर भाषणं देणारा.

अकरा वाजता आत गेलो. प्रा.ला ताप. छातीत संसर्ग. मशीन काढायचं लांबलं.

२२ जानेवारी
ताप एकशे तीन. लॅपटॉप पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. हात लावला नाही.

तापातही तिने वहीकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळे ठीक आहेत. मग एक खोली काढून दाखवली, खोटी, मनाने रचलेली. डावं दार? हो. संध्याकाळी सांगितलं, बरोबर बोललीस, आत खजिना होता. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

२३ जानेवारी
संध्याकाळी आणखी दोन खोट्या खोल्या. ताप तसाच. औषध बदललं.

विहारातून फोन, महिनाअखेरच्या व्याख्यानासाठी विषय विचारत होते. म्हटलं, यंदा दुसरं कोणी बघा. त्यांना वाटलं पोरीमुळे. मी तसंच वाटू दिलं.

कोणाला सांगू? भाले माझ्यामुळे आले आणि ताप पण. असं होत नाही, मला माहीत आहे. खेळणं बंद केलं म्हणून उतरत नसेल का, हेही मनात येतं. खेळलो तर भीती, नाही खेळलो तर भीती. आज अकराच्या भेटीत तिच्या छातीकडे बघत मशीनचे श्वास मोजत बसलो, वही काढलीच नाही. अर्धा तास फुकट घालवला.

२४ जानेवारी
सु.ने ही वही वाचली. मी आंघोळीला गेलो होतो, आल्यावर पाहिलं तर मांडीवर उघडी. १९ तारखेच्या पानावर बोट.

म्हणाली, "नवस नाई तं काय आहे हे?"

मी म्हटलं, नवस नाही, नुसतं मनात आलं. ती म्हणाली, लोकाईच्याही मनातच येते. मला वाटलं आता सगळं काढेल, माझी भाषणं, काकूंना फोनवर झापलं ते. तसं काही काढलं नाही. वही मिटून माझ्या हातात दिली.

"मी काकूले त्याच दिवशी फोन केलता. जा म्हटलं केळझरले. तुमाले नाई सांगतलं."

चिडायला पाहिजे होतं. चिडलो नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. लग्नाला तेवीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. दोघंही नवसात बुडालेलो, आणि एकमेकांना न सांगता.

२६ जानेवारी
ताप उतरला. नव्याण्णव. कशाने उतरला? सु. म्हणाली, औषध बदललं त्याने. मी पण तेच म्हटलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

२७ जानेवारी
प्रा.ने अख्खी सकाळची भेट दोन शब्दांत घालवली. क ची ओळ, क, काना मात्रा. ट ची ओळ, ण. मग प ची ओळ. घाम फुटला होता तिला. कोण मेलं.

सांगितलं. शेंडेकाकू. भाले. सकाळी तुला न विचारता खेळलो. आणि त्यानंतरच्या सगळ्या खोल्या खोट्या.

डोळे मिटले तिने. एक नाही, दोन नाही, मिटलेलेच. सिस्टरने वेळ संपली म्हणून मला उठवलं तरी मिटलेले.

संध्याकाळी गेलो तेव्हा उघडे होते. पुन्हा ओळी म्हणायला लावल्या. 'खरी खोली दाखवा', असं असणार. 'खरी ख' एवढंच झालं आणि वेळ संपली.

२८ जानेवारी
खऱ्या खोल्या. तिघंच उरले, बरं करणारं कोणी नाही. ती सांगते तशी दारं उघडतो. तिच्या पापण्या माझ्यापेक्षा हुशार. दहावा तळ. मशीन काढून पंचेचाळीस मिनिटं. लिहितोय, जोडत नाही. जोडायचं नाही.

२९ जानेवारी
अकराव्या तळाचं शेवटचं टोक. समोर बाराव्या तळावर जाणाऱ्या पायऱ्या. 'प्राची'च्या अंगात जीव अगदी थोडा, म्हणून मी तिला 'आई'च्या पाठीमागे दडवून इथवर आणलं. आज सव्वा तास श्वास. रात्री मशीन परत.

३० जानेवारी
उद्या सकाळी साडेनऊला मशीन काढणार. दिवसभर तग धरला तर लावणारच नाहीत. नाही धरला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि मग किती दिवस, ते कोणी बोलत नाही.

पाचच्या भेटीत पायऱ्यांचा नकाशा दाखवला. विचारलं, उतरायचं? तिने पापणी हलवलीच नाही. ओळी म्हणा, अशा नजरेने पाहिलं. प ची ओळ, प, उकार. ट ची ओळ, ढ, मात्रा. पुढे. क ची ओळ मी म्हणायच्या आधीच पापणी. कोण.

पुढे कोण आहे, विचारत होती. मी म्हटलं, आई आणि बाबा. तू मागे आहेस, सुरक्षित. पहिल्या दिवसापासून मागेच ठेवलं तुला.

दोनदा मिटली. मग प ची ओळ. म. वेलांटी, दुसरी.

मी.

मी म्हटलं, बेटा, पुढं तुले दोन घाव लागले तं संपलं. परत नाई येता येत. तिने पुन्हा दोनदा मिटली. माझ्या त्या "नाई"ला. सु. पलंगाच्या पलीकडे उभी होती, म्हणाली, "तिले माहीत आहे. तिचाच खेळ आहे तो."

बाहेर येऊन लॅपटॉप उघडला. पोरीने पहिल्यापासून लावलेली रांग परत लावली. पुढे 'आई' आणि 'प्राची'. मागे 'बाबा', एकटा.

पायऱ्या समोर आहेत. सु. बाजूला बसली आहे, तीही पडद्याकडे बघते. साडेनऊच्या आधी उतरलो तर तो नवस. नंतर उतरलो तर खेळ. आधी उतरायचं की नंतर, एवढं तिला विचारायचं राहिलं.