शंका : किमान पाच

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून आमच्या कॉलेजात गुणवत्ता येणार! म्हणजे इतके दिवस काय होतं, हे विचारायची माझी काय प्राज्ञा? मी तात्पुरती. नेमणूक वाढणार की नाही ते महिनाअखेरीला ठरतं — आणि या वेळी भिंतीवरच्या तक्त्यावरून ठरणार.

नवे गुणवत्ता समन्वयक पूर्वी बिस्किटांच्या कारखान्यात होते. 'शून्य दोष!' असं प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणतात, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांचं नाव शून्यसाहेब पडलं. पद्धत अशी — तास संपला की वर्गात चिठ्ठ्या वाटायच्या, 'आज काय कळलं नाही?' आलेल्या शंका मोजायच्या, आकडा जिन्याजवळच्या तक्त्यावर चढवायचा. प्रत्येकाची वेगळी रेघ. "रेघ खाली आली पाहिजे! तुटकं बिस्कीट म्हणजे दोष. न कळलेला मुद्दा म्हणजे दोष."

खरं सांगायचं तर मला आवडलं. मी सांख्यिकी शिकवते. मोजायचं म्हटलं की मला बरं वाटतं.

५ ऑगस्ट
एकतीस शंका. माझी रेघ छताला टेकली. बाकी सगळ्यांच्या शून्यावर.

६ ऑगस्ट
रसायनाच्या मॅडमना विचारलं, तुम्ही असं काय समजावता? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं वेडाबाई, तू चिठ्ठ्या खरंच मुलांना वाटल्यास की काय?"

१२ ऑगस्ट
सतरा. मध्यक पुन्हा शिकवला, या वेळी दोरीवर चिमटे लावून. मागच्या बाकावरच्या मुलीने गेल्या वेळी शंका म्हणून एकच शब्द लिहिला होता — 'सगळंच'. आज नेमकं कुठे अडलं ते लिहिलंय! चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

शून्यसाहेबांनी जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमच्याच वर्गात बिस्किटं का तुटतात?"

१३ ऑगस्ट
आईला सांगितलं. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून कॉलेजातलं काही बोलले की ती नुसती कौतुकाने मान हलवते. आज नाही हलवली. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. शिवण उसवलेली दिसली की लाल टिकली चिकटवायची.

"ज्या दिवशी एकपण टिकली लागत नाही ना, त्या दिवशी मुकादम मलाच झापतो. डोळे घरी ठेवून आलीस का म्हणतो. शून्य कसं येईल गं? शर्ट माणसंच शिवतात की."

सतरा वर्षं शिकले मी. हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
बैठक. उठून बोलले. टिकल्यांचं सगळं सांगितलं.

"हे कुणाचं मत?" शून्यसाहेबांनी विचारलं.

"वस्त्रोद्योगातल्या एका तज्ज्ञांचं. बावीस वर्षांचा अनुभव आहे."

'माझी आई' एवढं काही म्हटलं नाही. लाज वाटली. मग त्या लाजेची लाज वाटली.

शून्यसाहेबांनी डोळे मिटले, उघडले. "बरोबर आहे. शून्य संशयास्पद दिसतं."

जिंकले!

२० ऑगस्ट
परिपत्रक. 'प्रत्येक तासाला शंका : किमान पाच. कमी भरल्यास तो अध्यापनातील दोष समजला जाईल. आधार : वस्त्रोद्योगातील तज्ज्ञ.'

आईला वाचून दाखवलं नाही.

२२ ऑगस्ट
सगळ्या रेघा पाचावर. पट्टीने आखल्यासारख्या. माझी एकटीची नऊवर. शून्यसाहेब तक्त्यासमोर उभे राहून कृतार्थ झाले.

रसायनाच्या मॅडम आल्या. "तुझ्याकडे चार जास्तीच्या आहेत ना गं, दे की. मला तर काही सुचतच नाही." मी नाही म्हटलं. खोटं मी लिहिणार नाही, आणि लिहूही देणार नाही — असं चांगलं मोठ्याने म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, हरिश्चंद्राची नात!"

२८ ऑगस्ट, गुरुवार
नेमणुकांची यादी उद्या लागणार. तक्त्यावरचा आजचा आकडा शेवटचा.

चिठ्ठ्या मोजल्या. परत मोजल्या. शंका चारच. मागच्या बाकावरच्या मुलीने लिहिलंय — 'आज सगळं कळलं, मॅडम.'

२८ ऑगस्ट, दुपारी
पाचवी मी लिहिली. डाव्या हाताने.