आईला विचारून घेतलेली सायकल

आई, मागच्या उन्हाळ्यात मी तुला जिवंत केलं. जास्त नाय, दहाएक मिनिटं. आणि ते पण एका सायकलचा भाव पाडायला. करायला नको होतं हे मला करतानाच कळत होतं, पण तोंड सुरू झालं की माझं काय होतं ते तुला माहीतय. दहा मिनिटांनी सगळं मिटलं असतं तर मी तुला लिहिलं पण नसतं. मिटलं नाय, म्हणून लिहायलोय. सगळं नीट सांगतो, मधी बोलू नको.

औरंगपुऱ्यातलं ते भांड्याचं दुकान आठवतं का तुला? तू कँटीनमधून पोळ्या लाटून यायची आणि तशीच मला घेऊन तिथं जायची. हाताला अजून पीठ असायचं. दुकानदार चकचकीत पातेली पुढं मांडायचा, तू त्यांच्याकडं बघायची पण नाय. बोटाच्या पेरानं एकेक वाजवायची, मग उचलून हातात तोलायची. मला म्हणायची, "दिसण्यावर जाऊ नको, उचलून बघ." मग भाव सुरू. दुकानदार अडून बसला की तू माझ्या दंडाला हळूच चिमटा काढायची आणि मी रडका आवाज लावायचो, "चल ना आई, पाय दुखायलेत." मग आपण उठायचो. तू सावकाश चालायची, मागं बघायची नाय. तीन-चार दुकानं ओलांडली की मागून हाक यायचीच, "ओ ताई, या इकडं, काय द्यायचं ते द्या." तेव्हा तुझा हात माझ्या हातात जरा घट्ट व्हायचा. एकदा मी शहाणपणा केला. चिमट्याची वाट न बघता मोठ्यानं म्हणलो, "आई, हेच पातेलं कोपऱ्यावर स्वस्त होतं की." कोपऱ्यावर आपण गेलोच नव्हतो. दुकानदार लगेच खाली आला. मला वाटलं तू खूश होशील. तू पातेलं परत ठेवलं, बाहेर आलीस आणि भर रस्त्यात माझ्या कानाखाली दिलीस. "उठून यायला आपल्याला लाज नाय. पण खोटं बोलून भाव नाय पाडायचा." पातेलं आलंच नाय. पोचे पडलेल्यातच दूध तापत राहिलं.

तर सायकल. मी आता चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला हाये. काम बरंय. खराब मालाला लावायचे लाल 'रिजेक्ट' स्टिकर असतात, त्यातला एक मी सुपरवायझरच्या पाठीला लावला होता, तो दिवसभर तसाच हिंडला. सगळे हसले, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. मी खोलीवर आलो. पप्पा मेंढरं घेऊन एकदा निघाले की त्यांचा फोन लागत नाय, लागला तरी "जेवला का" आणि "व्हय" एवढंच. सकाळी कंपनीत जाताना जालना रोडवर ती सायकलवाली माणसं दिसायची. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, सर्रकन बाजूनं जायची. एक दिवस मी माझा खटारा घेऊन त्यांच्यामागं लागलो. पुलाच्या चढावर माझी चेन पडली. त्यातला एकजण मान वळवून "ओके?" म्हणाला आणि मी "ओके" म्हणेपर्यंत ते पुढं गेले पण. ते चालवताना एकमेकांशी बोलत होते, आई. एवढ्या वेगात, नाश्ता कुठं करायचा यावर. मला तो वेग पाहिजे होता का ते बोलणं, हे मला अजून नीट सांगता येत नाय. पण त्या दिवसापासून मी चहा, सिनेमा, पानटपरी सगळं बंद केलं आणि पैसे बाजूला टाकायला लागलो.

आधी दुकानात गेलो. तिथल्या पोरानं मला एक गिअरवाली दाखवली. जाड टायर, पुढं स्प्रिंग, रंग असा की लग्नाचा मंडपच. मी उचलून बघितली. गाभण म्हशीगत जड. तो म्हणला, "भाई, उठाने की चीज थोडी है, चलाने की है." मी म्हणलं, "दौलताबादच्या घाटात मलाच उचलायचीय ना." मग त्यानं कोपऱ्यातली खरी रोड बाईक दाखवली. दोन बोटांवर उचलली गेली. किंमत ऐकून मी त्याच्याकडं पाणी मागितलं, प्यायलो आणि निघालो. मागून हाक आली नाय. त्या दुकानात हाक मारायची पद्धतच नसावी.

मग मोबाईलवर जुनी शोधली. एक सापडली, उस्मानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. विकणारा भैय्या बदली होऊन बंगळुरूला चालला होता. गॅलरीत चादर पांघरून उभी केलेली. चादर काढली आणि माझा हात आधी हँडलवरच गेला. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचं चाक धरणारा चिमटा कार्बनचा, सीट खाली केली की माझ्या मापाला बरोबर. मी तुझ्यासारखं केलं. पेरानं सगळीकडं वाजवली, कुठं तडा असला तर आवाज बसका येतो. चाक फिरवून बघितलं, डुगडुगत नव्हतं. फक्त टायर कडेनं चिरले होते. तेवढं धरून मी भाव सुरू केला. भैय्या पण खमक्या, टायरपुरतं उतरला आणि थांबला. त्याच्या आकड्यात आणि माझ्या खिशात अजून फरक होता. मग मी उठलो. "बरंय मग," म्हणलं आणि जिना उतरलो. सावकाश. मागं बघितलं नाय. खाली गेटपाशी चपलेचा अंगठा नीट करत बसलो. मग दुसरा पण केला. वरून हाक नाय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं आई, उठून जायला दोन माणसं लागतात. एकटा माणूस उठून गेला तर तो नुसता गेलेला असतो.

मी परत वर गेलो. "भैय्या, जरा आईला विचारतो," म्हणलं आणि कुणालाच न लावता फोन कानाला धरला. मधीच खरा फोन वाजेल याची भीती नव्हती, मला फोन करणारं कोण हाये. "आई, अगं सायकल लई चांगलीय... व्हय, उचलून बघितली... नाय, तेवढे नायत... अगं ट्रकच्या मधून नाय जाणार, कडेनं जाईन... जेवलो. व्हय, जेवलो म्हणलं ना." भावाचं बोलून झालं होतं. फोन ठेवायचा सोडून मी बोलतच राहिलो. तुझं काय बोलणं येईल ते मला आधीच ऐकू येत होतं आणि मी त्याला उत्तर देत होतो. भान आलं तेव्हा आतून एक काकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. भैय्याची आई.

"काय म्हणती आई?" त्यांनी विचारलं.

"नाय म्हणती," मी म्हणलं. "जालना रोडला लई ट्रक असतात म्हणती."

"बरोबर बोलती ती." मग भैय्याकडं वळून, "आणि तू काय रे भाव करतोस? गॅलरीत धूळ खायली ती सायकल. आईला विचारून घेणारी पोरं राहिलीत का आता? देऊन टाक त्याला."

"आई, तू मधी नको पडू ना," भैय्या म्हणला.

"मी मधी नाही पडत. मी वर पडते. दे."

भैय्यानं कपाळाला हात लावला आणि दिली. काकूंनी मला आईची शपथ घालून हेल्मेट वापरायचं कबूल करून घेतलं. मी शपथ घेतली, त्यात तुझं आता काय वाकडं होणार होतं. मग त्यांनी स्टीलच्या डब्यात जवसाची चटणी भरून दिली. "आईला दे. म्हणावं काळजी करू नको, पोरगं हुशारय."

सायकल लई भारीय, आई. पायडल मारलं की ती पुढं उडी घेते. पहिल्या रविवारी दौलताबादच्या पुढचा घाट सायकलवरून न उतरता चढलो. वर पोचून इकडंतिकडं बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. एक वांदर होतं. त्यानं केळ मागितलं.

आणि डबा खोलीवर होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, एवढं तू मला शिकवलंस. नुसता नेऊन दिला असता तर काकू म्हणल्या असत्या, कसली बाई. तुझं नाव खराब झालं असतं. म्हणून मी धपाटे केले. दोन करपले, एक तव्यालाच राहिला, उरलेले डब्यात घालून नेले. भैय्या बंगळुरूला गेला होता. काकूंनी तिथंच एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई तिखट हात गं बाई तुझ्या आईचा," त्या म्हणल्या. कँटीनमधल्या बाया तुला हेच म्हणायच्या. मी तुझ्याकडं स्वयंपाक कधी शिकलो नाय, तर हे कुठून आलं असंल?

पुढच्या खेपेला डब्यात शेंगदाण्याचे लाडू आले. मग इकडून डाळीचा भरडा गेला, तिकडून कढी आली. दर रविवारी सायकल खाली लावून मी वर जायचो. काकू तुझी चौकशी करायच्या आणि मी सांगायचो. आई आज गादीचा कापूस उन्हात टाकायली. आई चिडलीय, मी दूध उतू घातलं. यातलं खोटं काहीच नव्हतं, फक्त कधीचं ते मी सांगत नव्हतो. काकू हसायच्या, म्हणायच्या, "अगदी माझ्यासारखीय." मग एकदा म्हणल्या, "तिला घेऊन ये की रे. भैय्या गेल्यापासून घरात बोलायला टीव्हीच हाये. आम्ही दोघी बसू, तू बाहेर हिंड."

तेव्हा मला माझा खोडसाळपणा पहिल्यांदा जड गेला. इतके दिवस वाटायचं, हे माझं एकट्याचंच चाललंय. काकू तर एका मैत्रिणीची वाट बघत होत्या. ठरवलं, पुढच्या रविवारी सांगून टाकायचं. दार उघडलं तर त्यांनी नवी चादर घातलेली, कुकरला भात, आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडं बघत, "आली का?"

मी सांगायलाच तोंड उघडलं होतं. "तिला बरं नाय," असं निघालं.

"काय झालं?"

आणि आई, मी खरं सांगितलं. म्हणजे खरं तेच, पण आत्ताचं करून. म्हणलं, जेवण जाईना. उलट्या होतात. डोळे पिवळे पडलेत.

काकू ताडकन उठल्या. "कावीळय ती. दवाखान्यात नेलं का?"

"गावाकडं नेऊन माळ घालायचं म्हणायलेत."

"कोण म्हणतंय? अजिबात न्यायचं नाही. माळ-बिळ काही नाही, आजच्या आज डॉक्टरकडं ने. रक्त तपासायला सांग. पैशाचं मी बघते. ऊठ, बसतोस काय."

आई, तुला कावीळ झाली तेव्हा आपल्या घरात एवढी माणसं होती. तुझ्या डोक्यावर ती काविळीची माळ ठेवली, ती वाढत वाढत गळ्यात उतरली, मग खांद्यावर, आणि सगळे म्हणाले, कावीळ उतरायली, बघ, उतरायली. मी पण म्हणलो. मी तर वाढलेली माळ रोज मापायचो. "ऊठ, बसतोस काय" असं कुणीच कुणाला बोललं नाय. काकू बोलल्या आणि मी खरंच उठलो. पळत जिना उतरलो, सायकलवर बसलो आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. क्रांती चौकापर्यंत गेलो असंल. तिथं सिग्नलला पाय टेकवला तेव्हा आठवलं की मागं कुणी बसलेलं नाय. या सायकलला तर मागं कॅरिअरच नाय.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर काकूंकडं गेलो. त्यांनी दारातच विचारलं. मी म्हणलं, नेलं. डॉक्टर म्हणले, बरं झालं लवकर आणलं. काकूंनी देवापुढं साखर ठेवली. मग तेल-तिखट बंद, रोज मुगाची खिचडी, ताक, सगळं डब्यातून. मी खोलीवर एकटा बसून ते बिनतिखटाचं सगळं खाल्लं, एक शीत टाकलं नाय, तुझं पथ्य होतं म्हणून. पंधरवड्यानं सांगितलं, डोळे पांढरे झालेत. भूक लागायली. काल भाकरी मागून खाल्ली.

काकूंना आता हे कसं सांगायचं ते मला कळत नाय. सांगितलं तर तुला परत एकदा स्मशानात न्यावं लागंल मला, आणि ते माझ्यानं होणार नाय. नाय सांगितलं तर ती बाई अजून वाट बघणार. तुझं डोकं असतं तर तू काहीतरी काढलं असतं. रविवारी सांगणार हाये, असं मी इथं लिहिलं होतं आणि खोडलं, कारण ते पण खोटंच होतं. हा कागद कुठं टाकायचा नाय, आपल्यातच ठेवायचा.

त्या वेळी नाय जमलं, पण या वेळी मी तुला बरं केलं, आई. एवढं कुणाला सांगू नको. पप्पांच्या स्वप्नात जाशील तर त्यांना पण नाय. आजी असंल तिथं, तिच्या पोटात काय राहत नाय, तिला तर अजिबातच नको. तुझ्या पाया पडतो, कुणाला सांगू नको.