काळी काच लावून घेतलेला उजेड

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कागदावरच; प्रत्यक्ष आडवा झालो तर उठवायला दोघं लागतील). मामीचा गुडघा कसा आहे? तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही "ठीक" म्हणणार आणि ते ऐकून माझं डोकं फिरणार.

गेले तीन महिने माझं काय चाललं होतं ते आता सांगतो. दिवस लहान झाले आणि मी अंथरुणाला असा चिकटलो की बायको म्हणाली, "एवढा पक्का जोड आयुष्यात कधी मारला नव्हता तुम्ही." वेल्डिंगच्या शेडचं शटर खाली, गेटांची कामं पडून, जेवणाला चव नाही, माणसं नकोशी. रडू तर कशावरही यायचं (एकदा चिकटपट्टीचं टोक सापडेना म्हणून. हसू नका). शेवटी तिने ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आळस नव्हे, नैराश्य आहे. गोळ्या दिल्या, डोळे तपासून घेतले आणि एक खास दिवा आणायला सांगितला. रोज सकाळी उठल्या उठल्या त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं. मी मनात म्हटलं, बाई, वीस वर्षं वेल्डिंग करतोय, उजेडाने फरक पडायचा असता तर एव्हाना मी नाचत असतो.

पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. पंधरा दिवसांत एक सकाळ चुकवली नाही. फरक शून्य. बायकोने दुकानदाराला फोनवर असं धुतलं की त्याने मुकाट दिवा बदलून दिला (त्यानेही शून्य). डॉक्टरबाई चक्रावल्या. म्हणाल्या, बसता कसे ते नीट सांगा. मी सांगितलं: पाठ ताठ, दिवा हातभर अंतरावर, आणि डोक्यावर वेल्डिंगचं हेल्मेट, काळी काच खाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

मामा, यात माझी काय चूक? तुमच्या हाताखाली काम शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी काचेशिवाय ठिणगीकडे पाहिलं म्हणून माझा कान पिरगाळणारे तुम्हीच ना? झगझगीत काही दिसलं की माझा हात आपोआप काच खाली ओढतो. बायकोला वाटलं, हाही उपचाराचाच भाग असेल. बाईंनी समजावलं, हा उजेड आपल्या ठिणगीसारखा घातक नसतो. टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत, कारण सकाळ झाल्याची खबर मेंदूला डोळ्यांतूनच पोचते.

बायकोने हेल्मेट कपाटात कोंडलं. पहिले दोन दिवस उघड्या चेहऱ्याने बसताना घाम फुटला. दहाव्या दिवशी चहा गोड लागला. मी विचारलं, आज साखर जास्त घातलीस का? ती आत गेली, आणि डोळे पुसून बाहेर आली. पुढच्या आठवड्यात शटर वर केलं. आता मी बरा झालो आहे.

तुमचा भाचा

ता. क. "बरा झालो" हे जरा जास्तच झालं. काल सकाळी पुन्हा उठवेना. तरी उठलो आणि बसलो.

आणखी ता. क. मामीचा फोन आला होता. दोन महिने तुम्ही खोलीबाहेर आला नाहीत, पडदाही सरकवू देत नाही, हे मला कळलंय. सोमवारी दहाला डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. "बघू" चालणार नाही. दिवा लागेल की आणखी काही, ते त्या ठरवतील.

शेवटचा ता. क. सोमवारी आठला मी दार वाजवीन. मामीला बजावलंय, दार तिने उघडायचं नाही. तुम्ही एवढंच करा, उठून कडी काढा. तास लागला तरी चालेल, मी बाहेर उभा आहे.